गुलाबावरचा जुलै

न्यू जर्सीत जून सरत आला की गुलाबाचा पहिला बहर ओसरतो आणि दुसऱ्या बहराच्या कळ्या टपोऱ्या होऊ लागतात. नेमके याच सुमारास जपानी भुंगेरे मातीतून वर येतात. आदल्या दिवशी झुडपावर एकही नसतो. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की एकेका फुलात चार-चार, पाच-पाच बसलेले असतात, एकमेकांच्या अंगावर चढलेले, पाकळ्यांत डोकं खुपसलेले. पान खायची त्यांची रीतही ठरलेली आहे. शिरा सोडायच्या आणि मधला गर तेवढा खायचा. संध्याकाळपर्यंत पानाची जाळी होते आणि ती तपकिरी पडून झुडपावर तशीच लटकत राहते. थंडी सरता सरता छाटणी केलेली असते, खत घातलेलं असतं, मे महिन्यात मावा पाण्याच्या धारेनं धुऊन काढलेला असतो. इतकं केल्यावर हे पाहवत नाही. इतक्या वर्षांनी मला अजूनही पाहवत नाही.

आणि तरी हा किडा देखणा आहे. सकाळच्या गारव्यात तो सुस्त असतो, तेव्हा तळहातावर घेऊन निवांत पाहता येतो. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. डोकं आणि मान हिरवीगार, धातूची चकाकी असलेली. पाठीवरची पंखांची झाकणं तांब्याच्या रंगाची. त्या झाकणांच्या कडेनं दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे पाच-पाच झुबके आणि शेपटाशी आणखी दोन. हे बारा झुबके दिसले की ओळख पक्की. धक्का लागला की तो मागचे पाय वर उचलून हवेत ताणून धरतो. चावत नाही, डंख मारत नाही. खातो मात्र तीनशेहून अधिक जातींची झाडं. गुलाब, द्राक्षवेल, घेवडा, जास्वंद, रासबेरी, रस्त्याकडेचं लिंडन, असं काहीही.

अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तो याच राज्यात. डेलावेअर नदीच्या काठी, फिलाडेल्फियाच्या समोरच्या अंगाला रिव्हरटन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका रोपवाटिकेत 1916 साली तो दिसला. जपानहून आलेल्या आयरिसच्या कंदांना चिकटलेल्या मातीतून त्याच्या अळ्या आल्या असाव्यात, असं तज्ज्ञ मानतात. परदेशातून येणारी रोपं बंदरावर तपासायचा कायदा अमेरिकेनं 1912 साली केला. अळ्या त्याच्या आधीच येऊन पोचल्या होत्या. तेव्हापासून देशाचा पूर्वेकडचा जवळजवळ सगळा भाग त्यानं व्यापला. पश्चिमेकडच्या राज्यांत तो जाऊ नये म्हणून आजही विमानतळांवर विमानं तपासली जातात. युरोपच्या मुख्य भूमीवर तो 2014 साली उत्तर इटलीत, मिलानच्या पश्चिमेला सापडला. तिथून स्वित्झर्लंडमध्ये गेला.

गावाकडून परतताना मोगऱ्याचं किंवा तुळशीचं रोप मुळांच्या मातीसकट बॅगेत घालायचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. आईनं लावलेल्या झाडाची फांदी इथे रुजावी, यात वाईट काय, असं वाटतं. मलाही ती ओढ ठाऊक आहे. पण एका ढेकळात किती मोठा इतिहास येऊ शकतो, ते रिव्हरटनपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. इथे मोगरा मिळतो, तुळशीचं बी मिळतं. माती तिकडेच राहू द्यावी.

आता एक गोष्ट मला फार दिवस कळत नव्हती. जपानमध्ये हाच भुंगेरा आहे, पण तिथे त्याचा एवढा बोभाटा नाही. तिथे त्याचे नैसर्गिक शत्रू आहेत, हे खरंच. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे मोकळ्या, सपाट गवताचे इतके मोठाले पट्टे नाहीत. भुंगेरा गुलाबावर दिसतो म्हणून आपण गुलाबाकडे बघत राहतो. त्याचं घर असतं हिरवळीत. मादी दिवसभर पानं खाते, आणि दुपार कलली की झुडूप सोडून गवतावर उतरते. दोन-चार इंच खोल शिरून थोडी अंडी घालते, वर येते, पुन्हा खाते, पुन्हा उतरते. अशी साठेक अंडी. त्यांना ओल लागते, कारण अंडं मातीतलं पाणी शोषूनच फुगतं आणि फुटतं. ऐन उन्हाळ्यात, बाकीचं रान तहानलेलं असताना, रोज फवारे लावून ओली ठेवलेली, आखूड कापलेली, उन्हात पसरलेली हिरवळ तिला आणखी कुठे मिळणार? ते गवत तरी इथलं कुठे आहे? केंटकीचं नाव लावणारं ब्लूग्रास मूळचं युरोप-आशियाकडचं. दुरून आणलेलं गवत आपण दारोदारी पसरलं आणि दुरून आलेल्या अळीला त्याची मुळं गोड लागली.

हे मला शिकवलं आप्पांनी. ते सांगली जिल्ह्यातले ऊसवाले. आमच्याकडे राहायला आले होते तो सप्टेंबर होता. मागच्या अंगणात गवताचे पिवळे ठिपके पडले होते, आणि रात्री स्कंक येऊन जागोजाग उकरून जात होते. मी पाणी कमी पडतंय म्हणून आणखी फवारे लावायच्या बेतात होते. आप्पांनी वाकून गवताची मूठ धरली आणि ओढली. हिरवळीचा तुकडा सतरंजीसारखा उचलून आला. खाली मुळं नव्हतीच. मातीत पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या अर्ध्या वळून पडल्या होत्या. डोकं बदामी, पोटाचं टोक काळपट.

"अगं, ही तर हुमणी!" आप्पा म्हणाले. त्यांना झालेला आनंद मला आजही आठवतो. परक्या देशात ओळखीचा शत्रू भेटल्याचा तो आनंद होता.

जात वेगळी, पण घराणं एकच. आप्पांच्या शिवारात वळवाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून उठतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर जाऊन बसतात. माणसं फांद्या झोडपतात, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतात. ते त्याच वेळी वेचले नाहीत, तर पावसाळ्यात त्यांच्या अळ्या उसाची मुळं खातात. ऊस पिवळा पडतो, वाळतो आणि हातानं उपटून येतो. "एक मादी धरली की पन्नास हुमण्या धरल्या," असं आप्पा सांगत. गावानं मिळून एकाच आठवड्यात वेचले तर उपयोग. एकानं वेचायचे आणि शेजाऱ्यानं सोडायचे, याला अर्थ नाही.

आम्ही एक अळी भिंगाखाली धरली. तिच्या शेपटाच्या टोकाला खालच्या बाजूनं बारीक राठ केस असतात. जपानी भुंगेऱ्याच्या अळीत ते दोन छोट्या ओळींत, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे मांडलेले दिसतात. बाकीच्या हुमण्यांत ही मांडणी निराळी. आप्पांनी भिंग खाली ठेवलंच नाही. मग त्यांनी खुरप्यानं एक चौरस फूट माती उकरून अळ्या मोजल्या. इथल्या कृषी विद्यापीठांचे विस्तार विभागही हेच सांगतात. चौरस फुटात दहाच्या आत अळ्या असतील तर धडधाकट गवत त्या सहज सोसतं, काही करायची गरज नसते. त्याहून जास्त असतील तर विचार करावा. पिवळा ठिपका दिसताच औषध आणायला धावण्याआधी खुरपं घेऊन बसावं, एवढं शहाणपण तरी प्रत्येक घरात असायला हवं.

औषधाची घाई माणसाला कुठे नेते, त्याची गोष्ट रेचल कार्सननं 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात 1962 साली लिहून ठेवली आहे. इलिनॉय राज्यात शेल्डन नावाचं गाव आहे. तिथे 1954 साली या भुंगेऱ्याला रोखण्यासाठी विमानातून डिल्ड्रिन हे कीटकनाशक टाकायला सुरुवात झाली. रॉबिन, मेडोलार्क, स्टार्लिंग, फेझंट, सगळी पाखरं त्या भागातून जवळजवळ नाहीशी झाली. शेतावरची बहुतेक मांजरं मेली. जमिनीत विषारी दाण्यांचा थर, त्यातून सरपटणाऱ्या अळ्या, त्या टिपणारी पाखरं, अशी ती साखळी होती. मिशिगनमध्ये 1959 साली डेट्रॉइटच्या उपनगरांवरून खाली उडणाऱ्या विमानांनी ऑल्ड्रिनचे दाणे शिंपडले, लोकांच्या घरांवर, अंगणांवर. त्या काळी भुंगेऱ्याचे साधे, शांत उपाय माहीत होते, तरीही हे झालं, यावर कार्सनचा भर आहे. मला तिचं ते प्रकरण वाचताना राग येतो, आणि तो येऊ द्यावा असं मला वाटतं.

ते उपाय न्यू जर्सीतच सुरू झाले होते. हुमणीला एक जिवाणू ग्रासतो, तिचं रक्त दुधासारखं पांढरं होतं आणि ती मरते. मेली की तिच्या अंगातले कोट्यवधी बीजाणू मातीत मिसळतात. हाच जिवाणू 1948 साली अमेरिकेत नोंदवलेलं पहिलं सूक्ष्मजीवी कीडनाशक ठरला. अलीकडच्या चाचण्यांत त्याचा गुण सगळीकडे सारखा आलेला नाही, म्हणून मी त्याच्या भरवशावर राहत नाही. माझा विश्वास आहे तो सूत्रकृमींवर. मातीत राहणारे हे धाग्याहून बारीक जीव ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, अळी लहान आणि जमिनीच्या वरच्या थरात असताना, संध्याकाळी ओल्या मातीत सोडायचे. ते अळीच्या अंगात शिरतात आणि त्यांच्या पोटातले जिवाणू तिला मारतात. अशी मेलेली अळी विटकरी लाल होते. मातीत पहिल्यांदा ती लाल अळी दिसली, तेव्हा आप्पांना फोन करून सांगितलं.

कायदाही थोडा जागा झाला आहे. मधमाश्यांना घातक ठरणारी निओनिकोटिनॉइड गटातली औषधं अंगणात कुणीही, कशीही टाकू नयेत, यासाठी न्यू जर्सीनं 2022 साली कायदा केला.

दुकानात पिवळ्या पिशव्यांचे सापळे मिळतात, त्यांच्याविषयी मात्र कळकळीनं सांगावंसं वाटतं. त्यांत मादीचा गंध असतो आणि फुलांच्या वासाचं मिश्रण असतं. त्या मिश्रणात लवंगेतलं युजेनॉल असतं, त्यामुळे सापळ्याजवळ गेलं की घरातल्या मसाल्याच्या डब्याची आठवण येते. संध्याकाळी पिशवी भरलेली बघून समाधान वाटतं. पण केंटकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पाहणी करून दाखवलं की सापळा जेवढे भुंगेरे धरतो, त्याहून कितीतरी जास्त तो लांबून बोलावतो, आणि आलेले बरेचसे वाटेतल्या झुडपांवरच उतरतात. आमच्या गल्लीत एकानं सापळा लावला की दोन्ही बाजूंच्या घरांचे गुलाब जातात.

मग उरतो तो आप्पांचा उपाय, वेचण्याचा. सकाळी दव असताना साबणाच्या पाण्याचा डबा फुलाखाली धरायचा आणि फांदीला हलकेच टिचकी मारायची. गारठलेला भुंगेरा उडत नाही, सरळ खाली पडतो. हे काम रोज करायचं असतं. खाल्लेल्या पानांच्या गंधानं आणखी भुंगेरे येतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जो हात चालवतो त्याचा जुलै सोपा जातो. शेजारचे आजोबा आणि मी आता कुंपणाच्या दोन बाजूंनी एकाच वेळी डबे घेऊन उभे असतो. फारसं बोलत नाही. इथल्या आयुष्यात मला मिळालेल्या चांगल्या सोबतींपैकी ही एक.

कुंडीतल्या जिरॅनियमची गंमत तर मला निसर्गाची उदारता वाटते. त्याच्या पाकळ्या खाल्ल्या की अर्ध्या तासात भुंगेऱ्याचे पाय लुळे पडतात आणि तो उताणा पडून राहतो. पाकळीतल्या एका आम्लाचा तो गुण. पाखरानं टिपलं नाही तर दिवसभरात तो शुद्धीवर येतो आणि पुष्कळदा पुन्हा त्याच फुलाकडे वळतो.

हिरवळ मी अर्धी केली आहे. उरलेलं गवत तीन इंचांहून आखूड कापत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याला पाणी देत नाही. ते पिवळं पडतं, पाऊस आला की पुन्हा हिरवं होतं. काढलेल्या जागी ॲस्टर, कोनफ्लॉवर लावले, एका कोपऱ्यात मेथी आणि कोथिंबीर. भुंगेरे येतात, दरवर्षी येतात. गुलाबाची काही पानं जातात. पण हिरवळ मुळासकट उचलून आली, असं पुन्हा झालेलं नाही, आणि स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीची इकडची चुलत बहीण, गवतात चोच खुपसून उरलेल्या अळ्या टिपत फिरते.

एक विनंती. भुंगेरे वेचताना प्रत्येकाच्या डोक्यामागे, मानेच्या हिरव्या भागावर नीट पाहा. तिथे साबुदाण्याहूनही बारीक असा पांढरा ठिपका दिसला तर ते एका माशीचं अंडं आहे. ही माशी भुंगेऱ्याच्या मागोमाग जपानहूनच मुद्दाम आणून ईशान्येकडच्या राज्यांत सोडली आणि ती तिथे रुजली. अंड्यातून निघालेली अळी भुंगेऱ्याच्या आत शिरते, भुंगेरा आठवडाभरात मातीत जाऊन मरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथून नवी माशी बाहेर पडते. असा ठिपकेवाला भुंगेरा डब्यात टाकू नका, तसाच सोडून द्या.