कॉकटेल ही कला आणि हातभट्टी हा गुन्हा?

आधी कबुली देतो, वाद नंतर घालू.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही घरी कॉकटेल बनवायला शिकलो. मे महिन्यात राज्यात दारू घरपोच मिळू लागली होती. आमच्याकडे वेळ होता, निम्मा का होईना पगार येत होता, आणि मोबाइलवर कोणीतरी रोज नवा पेला सजवून दाखवत होतं. स्टीलचा शेकर मागवला. त्याच्यासोबत दोन तोंडांचं एक माप आलं, एका बाजूने 30 मिली, दुसऱ्या बाजूने 60. दिवसा वस्तीत धान्याची किटं वाटायची, दुपारी व्यसनमुक्तीच्या ग्रुपवर संदेश टाकायचे आणि रात्री शेकर हलवायचा. हे सगळं एकाच घरातून चाललं होतं.

पहिली शिकलो ती डाइकिरी. 60 मिली पांढरी रम, 30 मिली लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा पाक, भरपूर बर्फ. दहा-बारा सेकंद जोरात हलवायचं, म्हणजे बर्फ थोडा वितळतो आणि त्याच्या पाण्याने दारूची धार बोथट होते. आंबट आणि गोड सारख्या जोराचे ठेवले की मधली रम जाणवतच नाही. विद्या म्हणतात ती एवढीच. दारू पितो आहोत हे जिभेला कळू द्यायचं नाही.

समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला पेल्यातही इतिहास दिसतो, हा आमचा जुना रोग. डाइकिरी क्युबाची. रम बनते उसाच्या मळीपासून, आणि कॅरिबियन बेटांवरचा तो ऊस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी पिकवला. क्युबात गुलामगिरी 1886 पर्यंत होती. आपल्याकडेही ऊसतोडीच्या फडावर कोण राबतं, त्या मळीचं मद्यार्क होऊन बाटली पुन्हा कोणाच्या वस्तीत येते, हे तुम्हाला सांगायला नको. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, तरी शेकर हलत होता. नुसतं माहीत असल्याने हात थांबत नाही, हे तेव्हा कळलं.

मग गाड्या सुरू झाल्यावर आई आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावाहून. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, तेव्हा तिचे वडील त्या गर्दीत होते. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांनी घेतली आणि मरेपर्यंत पाळली. त्यांच्या जावयाने, म्हणजे आमच्या बापाने, ती पाळली नाही. आम्ही आठवीत असताना तो गेला. जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून बाया रस्त्यावर उतरल्या त्यात आई होती, आणि 2015 मध्ये बंदी आली तेव्हा तिने गल्लीत साखर वाटली होती.

भांडी घासताना तिच्या हाती ते माप लागलं.

"हे कायचं माप होय?"

"सरबताचं," आम्ही म्हणालो.

तिने ते नाकाशी नेलं, धुतलं, पालथं घातलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुह्या बापाचं माप मले माहीत होतं. सांजच्याले एक पव्वा. तो लिंबू पिळत नव्हता, एवढाच फरक."

आता वादाकडे येतो. आपल्यातले शिकलेले, नोकरीला लागलेले काही मित्र म्हणतात, सवर्णांच्या दिवाणखान्यात काचेचा बार असला तर त्याला अभिरुची म्हणतात, मग आपणच का म्हणून सोवळं पाळायचं? या प्रश्नातली चीड खरी आहे. दारूलाही जात चिकटवलेली आहे. 1892 मध्ये इंग्रज सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर कायदा आणला. आदिवासीने आपल्या झाडाखालचं फूल गोळा करणंही त्यात अडकलं, कारण घरची मोहाची दारू अबकारीचा महसूल बुडवत होती. आजही धाड पडते ती तांड्यावर, पालांवर. 1949 च्या कायद्याप्रमाणे दारू प्यायला फ्लॅटवाल्यालाही परवाना लागतो. आमच्याकडे नव्हता. आमच्या फ्रिजची झडती घ्यायला कोणी आलं नाही.

आणि बाबासाहेबही सरसकट दारूबंदीच्या बाजूने नव्हते, हे आपल्या व्याख्यानांतून सहसा गाळलं जातं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा 1951 चा जाहीरनामा काढून वाचा. बंदीने सरकारचा महसूल बुडतो, दारू गाळणं घरगुती धंदा होतो आणि जे पीत नव्हते त्या बायका-मुलांपर्यंत ती घरातच पोचते, असा तिथला रोख आहे. पाच वर्षांनी त्याच माणसाने लाखो लोकांकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा वदवून घेतली. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. पोलिसाच्या दंडुक्यावर त्यांचा भरवसा नव्हता, माणसाने स्वतः दिलेल्या शब्दावर होता. आईला हे पटत नाही. ती म्हणते, दंडुका होता तवा निदान दुकान तर बंद होतं. 2021 मध्ये बंदी उठली त्या दिवशी तिने आमचा फोन उचलला नाही.

पाचव्या शीलाबद्दलही पळवाट ऐकली आहे. म्हणे त्यात प्रमाद वर्ज्य आहे, एका पेगने कुठे प्रमाद होतो? आम्हीही हे लढवून पाहिलं. पण शीलात सुरा आणि मेरय ही नावं घेऊन सांगितली आहेत, आणि प्रतिज्ञेत तर पेगाचा हिशेबच नाही. खरं सांगायचं तर आमचा प्रमाद पहिल्या घोटाच्या आधीच झाला होता. दुपारी वस्तीतल्या माणसाला "सोड" म्हणताना त्याची दारू आणि आमची दारू वेगळी आहे, असं आम्ही मनात धरून चाललो होतो. पुढे एका बैठकीत आम्ही त्याला ही गोष्ट सांगितली. तो हसला आणि त्याने विचारलं, "साहेब, तुमची किती रुपयाला पडत होती?" आम्ही आकडा सांगितला. त्याची तीन दिवसांची मजुरी होती.

उरलेली बाटली आम्ही मोरीत ओतली नाही, एका मित्राला दिली. ते बरोबर केलं का, अजून ठरत नाही.

शेकर घरात आहे. कोकम आगळ, गूळ, भाजलेलं जिरं, सैंधव आणि बर्फ, त्याच दहा-बारा सेकंदांच्या हिशेबाने. चांगलं होतं. दोन तोंडांचं माप मात्र आई जाताना पिशवीत टाकून घेऊन गेली. खोकल्याच्या औषधाला बरं पडते, म्हणाली.