पांढरा वाघ आणि आपलं काळवीट

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात सहलीला कोण कोण जाऊन आलंय? परभणीहून रेल्वेत बसलं, की मानवत रोड, सेलू, परतूर, जालना असं करत आपण तिथे पोचतो. तिथलं प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे.

हा वाघ काही वेगळ्या जातीचा नाही बरं का! तो आपला नेहमीचा पट्टेरी वाघच. आई-बाप दोघांकडून एक दुर्मिळ जनुक आलं, तरच बछडा पांढरा होतो. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी असा एक बछडा पकडला. त्याचं नाव मोहन. प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ त्याचेच वंशज. रंग टिकावा म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या, त्यामुळे कित्येक बछडे तिरळे किंवा अधू निपजले.

मग जंगलातले वाघ तांबूस-पिवळेच का? हरणांना तांबडा रंग नीट ओळखता येत नाही. गवतात दबा धरून बसलेला पट्टेरी वाघ त्यांना चटकन दिसत नाही. ज्याला शिकार मिळते तो जगतो, त्याची पिल्लं वाढतात. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड होत गेली, की प्राण्याचं रूप बदलतं. यालाच उत्क्रांती म्हणतात.

आता परतीच्या गाडीत खिडकीशी बसा. नशिबात असेल तर शिवारात काळविटांचा कळप दिसेल. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेगानं पळू शकतं. एवढं पळायचं कशाला? शास्त्रज्ञांना वाटतं, पूर्वी त्याच्यामागे चित्ता लागायचा म्हणून! जे हळू पळालं ते सापडलं, जे वेगानं पळालं ते वाचलं. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. २०२२ साली नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. आपल्याकडे चित्ता उरला नाही, पण काळविटाच्या पायांतला वेग अजून तसाच आहे.

असं हे काळवीट पिंजऱ्यात ठेवून वाचेल का? त्याला पळायला मोकळं, गवताचं माळरानच हवं. माळ नांगरले गेले, म्हणून कळप पिकात शिरतात. शेतकऱ्याचं नुकसान होतं, रात्र रात्र राखण करावी लागते. त्यांचा राग खोटा नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळविटाची शिकार हा गुन्हा आहे. वनविभागाकडे अर्ज केला, पंचनामा झाला, की पिकाची भरपाई मिळू शकते. घरी आजोबांना हे जरूर सांगा.

आणि तुम्ही काय कराल? कळपामागे कुत्री सोडू नका. झाडं लावायची तर बांधावर लावा, गवताचा माळ गवताचाच राहू द्या. पुढच्या सहलीत प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबून गुरुजींना विचारा, ‘हा प्राणी असाच का? आणि याचं खरं घर आज कुठे आहे?’ विचाराल ना?