राणी छाप रुपयाची किंमत कोण ठरवणार?

दर काही महिन्यांनी मोबाईलवर एक फोटो फिरत येतो. काळपट तांब्याचे नाणे, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे साल, दुसऱ्या बाजूला रामदरबार किंवा हनुमान. खाली मजकूर असतो की, हे नाणे तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील. आपल्या वस्तीतली शिकलेली पोरेसुद्धा तो पुढे पाठवतात आणि घरातले डबे उपसायला लागतात. त्याच वेळी त्याच गल्लीतली एखादी ताई मुलीच्या फीसाठी सासूकडून आलेले खरे चांदीचे रुपये सराफाच्या तराजूत टाकते आणि तो देईल ते घेऊन घरी येते. खोट्या नाण्याला लाख आणि खऱ्याला कवडी, असा हा उलटा हिशेब आहे. बचत गटांच्या कामात मी तो वर्षानुवर्षे पाहते आहे. म्हणून या वेळी आरक्षण, निवडणूक, गटबाजी हे विषय बाजूला ठेवून मी जुन्या नाण्यांवर लिहिते आहे. किंमत कोण ठरवतो, हा प्रश्न आपल्या चळवळीचाच आहे.

आधी खोट्या नाण्यांचे बोलू. १८१८ चे रामदरबाराचे नाणे कंपनीने कधी चलनात आणलेले नाही. त्या यात्रेत, देवळाबाहेर विकल्या जाणाऱ्या मुद्रा आहेत, त्यांना चलन म्हणून काडीची किंमत नव्हती. दुसरी फसवणूक 'राइस पुलर'ची. तांब्याचे जुने नाणे तांदूळ ओढते, त्यात दैवी किंवा अवकाश संशोधनाला लागणारी शक्ती आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार आहे, फक्त आधी तपासणीचे पैसे भरा, अशी ही कथा. तांदळात मिसळलेले लोखंड आणि लपवलेले चुंबक, एवढीच ती शक्ती. तिसरी फसवणूक रिझर्व्ह बँकेच्या नावाने होते. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी शुल्क मागतात. अशा व्यवहारांशी आपला काहीही संबंध नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे ज्या धम्माने शिकवले त्या धम्माची माणसे चुंबकाला फसतात तेव्हा वाईट वाटते.

आता खऱ्या नाण्यांकडे येऊ. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के. नव्या, न झिजलेल्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज असे मुखवटे बदलत गेले, पण हे प्रमाण टिकले. १९४० पासून युद्धाच्या काळात चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा रुपया चिकटत नाही.

इथे एक गोष्ट प्रत्येक ताईने लक्षात ठेवावी. जुना तोळा म्हणजे याच रुपयाचे वजन, ११.६६ ग्रॅम. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. 'एक रुपया म्हणजे एक तोळा' असे म्हणत सराफाने १० ग्रॅमचा भाव लावला, तर दर नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त वजन तिथेच गेले. आमच्या गटातल्या एका ताईने नऊ रुपये विकायला नेले होते. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जची नाणी, एकही युद्धकाळातले नाही. सराफ म्हणाला, "मिश्र चांदी आहे, साठ टक्के धरू." नऊ नाण्यांचे मूळ वजन जवळपास १०५ ग्रॅम, शुद्ध चांदी ९६ ग्रॅम. साठ टक्के धरले तर ६३. झीज वजा केली तरी फरक मोठाच राहतो. ताई नववी शिकलेली आहे, गुणाकार तिला येतो. तिला नाण्यातले चांदीचे प्रमाण माहीत नव्हते आणि सराफाला पक्के माहीत होते. ज्ञान एका बाजूला आणि गरज दुसऱ्या बाजूला असली की सौदा कसा होतो, हे समजायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

चांदीचा भाव ही नाण्याची पहिली किंमत. दुसरी किंमत संग्राहकाची. तिथे 'जुने म्हणजे महाग' हा समज चालत नाही. १८६२ साल असलेला राणी छाप रुपया प्राचीन वाटतो, पण तेच साल घालून तो १८७४ पर्यंत पाडला जात होता, त्यामुळे तो भरपूर सापडतो. पहिल्या महायुद्धात रुपये कोट्यवधींनी पाडले गेले, म्हणून १९१८ चा रुपया घरोघरी आहे. उलट १९११ च्या रुपयाला मागणी आहे. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले गेले. १९३९ चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही फार. नाणे कोणत्या टांकसाळीत पडले याने किंमत बदलते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाजवळ बारीक टिंब असेल तर ते मुंबईचे, नसेल तर कलकत्त्याचे. तांब्याचा पैसा म्हणजे पाव आणा. तो १९०६ पर्यंत तांब्याचा होता, मग काशाचा झाला. पैसा, ढब्बू, पै यांतली बहुतेक नाणी फार कमी किमतीला जातात. ज्यावरची अक्षरे आणि बारीक नक्षी शाबूत आहे, त्यालाच भाव. म्हणून चिंच, राख, लिंबू लावून नाणे घासू नका. चकाकी येते, किंमत जाते.

ही दुसरी किंमत ठरवणाऱ्या बाजाराचा एक नियम मला सलतो. नाण्याला कडी झाळलेली असेल किंवा भोक पाडलेले असेल, तर संग्राहक त्याला खराब माल म्हणतो. असे नाणे चांदीच्या भावातच जाते. बाजाराच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण आपल्या घरात आलेल्या रुपयांपैकी किती बिनकडीचे आहेत? बँक नव्हती, शेत नव्हते, कुलपाचे दार नव्हते. बाईच्या गळ्यातली रुपयांची माळ हीच तिची तिजोरी होती. दुष्काळ आला, आजारपण आले की माळेतला एक रुपया कमी व्हायचा. संग्राहकाच्या वहीत जो दोष आहे, तो आपल्या घराचा हिशेब आहे. कडीची खूण सांगते की हा रुपया कोणीतरी बाईने कमावून, वाचवून, अंगावर वागवला होता. या तिसऱ्या किमतीचा भाव कुठल्याही लिलावात पुकारला जात नाही.

त्या रुपयाला आपल्या घरी पोचायला किती वाट तुडवावी लागली, तेही बघा. गावगाड्यात बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळे, शिळी भाकर मिळे, रोख क्वचित. रोख मिळाले ते लष्करात, रेल्वेत, गोदीत, गिरणीत. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. रुपयावरही 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले. माझ्या आजीच्या सासऱ्यांनी नागपुरात गिरणीचे काम धरले, त्या पगारातून आमच्या घरातले पहिले रुपये साठले, असे घरात सांगतात. मात्र गिरणीतही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, त्याने विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

समाजशास्त्रात आम्हाला जॉर्ज झिमेल शिकवला. पैशाचे तत्त्वज्ञान मांडणारे त्याचे पुस्तक १९०० चे. पैसा देणाऱ्या-घेणाऱ्याची ओळख पुसतो आणि माणसाला जुन्या बंधनांतून मोकळे करतो, असा त्याच्या मांडणीचा एक भाग आहे. वर्गात मला ते पटले होते. मग आजीचे बोलणे आठवले. वाण्याच्या ओट्यावर पैसा ठेवायचा, हातात द्यायचा नाही. तो पाणी शिंपडून उचलायचा आणि सामान वरून टाकायचा. आजी म्हणायची, "पैशाचा इटाळ पाण्यानं जाये, आपला जाये नाही." जातीने झिमेललाही वळसा घातला. पैसा सर्वांचा झाला, देणारा हात तेवढा बाहेर राहिला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. इंग्रज राजाराण्यांचे मुखवटे आपण का जपायचे? आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीच बायांना सांगितले होते ना, की अस्पृश्यतेची ओळख पटवणारा पेहराव आणि दागिने सोडा? बरोबर आहे, सांगितले होते. आमच्या घरातली माळही अशीच उतरवली गेली. पण उतरवलेली माळ फेकून दिली नाही. रुपये सुटे करून डब्यात ठेवले, काही मुलांच्या शाळेला गेले, काही उरले. माळ पुन्हा गळ्यात घाला, असे मी म्हणत नाही. तो डबा म्हणजे आपल्याकडचा कागद आहे, एवढेच म्हणते. ज्यांच्या वाड्यांत सनदा आणि बखरी आहेत, त्यांना नाण्याची गरज नाही. आपल्याकडे सातबारा नाही, वंशावळ नाही. कडी लावलेला १८९० चा रुपया आहे. त्यावरचे साल ते नाणे कधी पाडले ते सांगते, घरात कधी आले ते नाही. ते सांगणारी माणसे मात्र एकेक करून जात आहेत.

आणि रुपयाचा विषय सोडून द्यायला आपल्याला तर मुळीच परवानगी नाही. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला बाबासाहेबांचा ग्रंथच रुपयाच्या प्रश्नावर आहे. 'बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापली' हे वाक्य आपण भिंतीवर रंगवतो, पण ते पुस्तक उघडत नाही. नेमके सांगायचे तर, १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, मध्यवर्ती बँकेची शिफारस त्या आयोगाने केली आणि १९३५ मध्ये बँक सुरू झाली. एवढे नेमके सांगितले तरी त्यांचे मोठेपण कमी होत नाही. त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात मोगलांपासून १८३५ च्या रुपयापर्यंतची वाटचाल आहे. पुढे १८९३ ची गोष्ट येते. सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीपासून तुटली. तेव्हापासून ती राज्यकर्त्यांच्या हातात गेली. रुपया काय विकत घेऊ शकतो, हे बाबासाहेबांनी महत्त्वाचे मानले. रुपया स्वस्त झाला की भाव वाढतात, मजुरी मागे राहते, आणि ज्याला देशाचा फायदा म्हणतात तो एका वर्गाचा दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढलेला फायदा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. सराफाच्या तराजूपाशी आमच्या ताईचे जे झाले, त्याचे मोठे रूप त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडले होते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. आपापल्या विहारात एक वही ठेवा, एक ग्रॅमचा काटा आणि एक चुंबक ठेवा. महिन्यातून एका रविवारी लोकांना डबे घेऊन बोलवा. नाणे, साल, वजन, कडी आहे की नाही, कोणाकडून आले, त्या कोणते काम करत होत्या, हे लिहून घ्या. फोटो काढा, पण नाव-पत्ता टाकून इंटरनेटवर चढवू नका. विकायचेच असेल तर त्या दिवसाचा चांदीचा भाव स्वतः काढा आणि दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय देऊ नका. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ते परस्पर परदेशी पाठवता येत नाही. घराचा पाया खोदताना पुरलेली नाणी सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

गरजेला नाणे विकण्यात कसलाही कमीपणा नाही. आपल्या आज्यांनी ते त्यासाठीच साठवले होते. फक्त विकण्याआधी वहीत त्यांचे नाव लिहा आणि भाव आपण सांगा.

जय भीम.