कल्पित साहसांचा खेळ निवडतांना

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हांपासून मेजाभोंवतीं बसून, फांसे टाकीत, तोंडानें साहसकथा रचण्याचे खेळ चालत आले आहेत. एक गडी सूत्रधार, बाकीचे कथेंतील वीर. आम्हां पांच मित्रांत प्रश्न उठला कीं, कोणत्या नियमांनीं खेळावें?

‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत प्रत्येक पाळीस ३ कृति करतां येतात, डावपेंचांची हौस असणाऱ्यांस ही मेजवानीच! परंतु आमच्यांतील एक गडी मितभाषी. जाड ग्रंथ पाहतांच तो “मी नुसता पाहतों” म्हणून मागें सरतो. आणि त्याजवांचून खेळण्यास आमचें मन घेईना. ‘डन्जन वर्ल्ड’मध्यें (२०१२) सहा बाजूंचे दोन फांसे टाकावयाचे. पात्राचे गुण मिळवून बेरीज १० वा अधिक झाली तर कार्यसिद्धि. ६ वा कमी झाली तर संकट. ७ ते ९ झाली तर सिद्धि खरी, पण कांहीं मोल देऊन. तें मोल कोणतें, हें ठरवितांना अबोल गडीही बोलूं लागतो!

आम्हीं तोच खेळ घेतला. डावपेंचप्रिय दोघे कुरकुरले, तें रास्तच होतें. सुटींत त्यांचा ‘पाथफाइंडर’ मांडावयाचा आहे.