ताम्हिणीच्या पावसात सायकलवर

पुणेकर आपल्या शहरातल्या पावसाला फारसे भीत नाहीत. वर्षाला सरासरी ७००-७५० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक रिपरिप स्वरूपाचा. पण याच शहरातून पश्चिमेला पौड रस्त्याने निघावे, तर सह्याद्रीच्या माथ्यावर पोचेपर्यंत हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पुण्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. मोटारीतून जाणाऱ्याला हा फरक काचेवरच्या वायपरवरून कळतो. सायकलवाल्याला मानेवरून पाठीत उतरणाऱ्या पाण्यावरून.

पुणे, पिरंगुट, पौड, मुळशीचा जलाशय, ताम्हिणी घाट आणि खाली विळे-माणगाव असा हा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. पावसाळ्यात सायकलवर काय घालावे हे समजून घ्यायला याच्याइतका चांगला शिक्षक नाही. कारण चढ, सपाटी, धुके, वारा आणि उतार अशी सगळी परीक्षा तो एकाच दिवसात घेतो.

जून लागला की शहरात बोहरी आळीपासून रस्त्याकडेच्या हातगाड्यांपर्यंत रेनकोटच रेनकोट दिसू लागतात. पातळ प्लॅस्टिकचे, रबरी अस्तराचे, शर्ट-पँट जोडीचे, नुसते डोक्यातून घालायचे. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याची युक्ती स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट केली. आपल्याकडे १९२० मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी बंगालमध्ये कारखाना काढला आणि त्यांचा ‘डकबॅक’ रेनकोट देशभरच्या शाळकरी मुलांच्या अंगावर चढला. कोट उत्तमच, पण तो शाळेत चालत जाणाऱ्यासाठी किंवा बसथांब्यावर उभे राहणाऱ्यासाठी. सायकलवाला ना चालतो, ना उभा राहतो. तो वाकलेला असतो आणि घाम गाळत असतो.

याचा प्रत्यय चांदणी चौकाच्या चढावरच येतो. रबरी किंवा प्लॅस्टिकच्या कोटात बाहेरचे पाणी आत येत नाही, तसा आतला घामही बाहेर जात नाही. चढ संपेपर्यंत आतला शर्ट पिळून काढण्यासारखा होतो. मग कोणी सांगते, श्वास घेणारे कापड घ्या. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना सापडलेल्या पदार्थापासून असे कापड तयार झाले. त्याची छिद्रे इतकी बारीक, की पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. गोष्ट खरी आहे. मात्र ही वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक असेल तेव्हा. थंड देशात तो भरपूर असतो. आपल्या जुलैत बाहेरची हवाच पाण्याने गच्च भरलेली. वाफेने जायचे कुठे? तेव्हा भरमसाट पैसे मोजण्याआधी कोटाला काखेत चेनने उघडणाऱ्या खिडक्या आहेत का, पाठीवर हवा खेळायला झडप आहे का, हे पाहावे. या पावसात कापडाच्या जातीपेक्षा खिडकीचा उपयोग जास्त. आणि शिवणी आतून पट्टीने बंद केलेल्या हव्यात. पाणी शिरते ते बहुधा तिथूनच.

भूगाव सोडले की दुसरा धडा मिळतो: निम्मे पाणी वरून येतच नाही. ते आपल्याच चाकावरून उडते, चिखल घेऊन. दोन्ही चाकांना लांब मडगार्ड नसतील, तर महागातला महाग रेनकोटही तासाभरात मातकट होतो. जुन्या काळ्या सायकलींना पूर्ण मडगार्ड आणि साखळीवर झाकण असे. नव्या चकचकीत सायकली या बाबतीत अगदीच उघड्या. आधी मडगार्ड, मग कोट, असा क्रम ठेवावा. पायांत बुटांपेक्षा घट्ट पट्ट्यांच्या सँडल बऱ्या. बूट भरले की दिवसभर भरलेलेच राहतात.

पौडच्या पुढे भातखाचरे सुरू होतात. जुलैत लावणी चाललेली असते आणि कुठे कुठे अजून इरले दिसते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पळसाची पाने. अलीकडे पानांऐवजी प्लॅस्टिकचा कागद. डोक्यावरून पाठीवर पालथ्या होडीसारखे ते बसते. पुढून उघडे, खालून उघडे, दोन्ही हात मोकळे. ओणव्याने काम करणाऱ्या माणसाची फक्त पाठ पावसाच्या माऱ्यात असते, हे ज्याने प्रथम ओळखले त्याच्या बुद्धीला दाद द्यावीशी वाटते. सायकलवाल्याची बैठक यापेक्षा फार वेगळी नाही. त्याच्या कोटाची पाठ कमरेखाली चांगली वीतभर हवी, बाह्या हँडलपर्यंत हात लांबवल्यावरही मनगट झाकणाऱ्या हव्यात. पुढची बाजू आखूड असली तरी बिघडत नाही. म्हणून दुकानात कोट घालून आरशासमोर ताठ उभे राहू नये. हात पुढे करून, वाकून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

धनगरांची घोंगडीही याच कुळातली. ती भिजते, जड होते. पण ओली लोकर अंगाची ऊब बरीचशी राखते. सुती कपड्याचे तसे नाही. तो भिजला की अंगाला चिकटतो आणि ऊब काढून घेतो. म्हणून आत सुती बनियन नको. पातळ लोकरीचा किंवा लवकर वाळणारा पॉलिस्टरचा सदरा बरा.

मुळशीचा जलाशय डाव्या-उजव्या वळणांतून डोकावू लागतो, तो बहुधा धुक्यात. या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह लढवला होता. टाटांच्या धरणाचे हे पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करते. इथे थांबून चहा घ्यावा आणि आपण दुसऱ्याला कसे दिसतो याचा विचार करावा. धुक्यात खाकी, काळा, निळा रेनकोट म्हणजे अदृश्य होण्याची विद्या. पिवळा किंवा नारिंगी घ्यावा, त्यावर चकाकणारी पट्टी असावी आणि मागचा लाल दिवा भर दुपारीही चालू ठेवावा. सावळ्या रंगाचा कोट मळत नाही हे खरे, पण घाटातल्या ट्रकचालकाला त्याचे काय?

निवे मागे पडले की घाट उतरू लागतो आणि इथे पोशाखाचा प्रश्न जिवाचा होतो. डोक्यातून घालायची सैल पाँचो सपाटीवर मोठी सुखाची, इरल्याची चुलतबहीणच. पण दरीतला वारा तिच्यात शिरला की तिचे शीड होते आणि सायकल आपली राहत नाही. तिचे टोक चाकात किंवा साखळीत गेले तर सावरायला वेळ मिळत नाही. घाटाआधी ती काढून अंगालगत बसणारा कोट घालावा, पँटचे पायघोळ क्लिपने किंवा रबराने आवळावे. कोटाची मोठी टोपी हेल्मेटवरून ओढू नये. मान वळवली की टोपी तिथेच राहते आणि मागून येणारी गाडी दिसत नाही. हेल्मेटखाली पुढे छज्जा असलेली पातळ कापडी टोपी घालावी. चष्मेवाल्यांना तर ती वरदानच.

चढावर कोटाच्या खिडक्या उघडायच्या, उतारावर बंद करायच्या. चढताना गोळा झालेला घाम उतारावरच्या वाऱ्याने गार पडतो, बोटे बधिर होतात आणि ब्रेक हवा तेवढा दाबला जात नाही. त्यात रबरी ब्रेकचे पहिले एक-दोन फेरे रिमवरचे पाणी पुसण्यातच जातात. वळण दिसण्याआधीच ब्रेक हलके धरून ठेवावेत. हवामान खात्याने घाटमाथ्याला रेड अलर्ट दिला असेल, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाचा अंदाज असेल, तर मात्र दरडीसमोर टिकणारा रेनकोट कोणी शिवलेला नाही. त्या दिवशी घरी भजी करावीत.

विळ्याला पोचले की कोकणची उबदार हवा लागते आणि कोट नकोसा होतो. तो ओलाच घडी करून पिशवीत कोंबू नये. सामानाच्या वर आडवा बांधावा. मुक्कामी सावलीत, आतली बाजू बाहेर करून वाळवावा, इस्त्री लावू नये. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. आणि जेवायला बसण्यापूर्वी साखळी फडक्याने पुसून तिला चार थेंब तेल द्यावे; रात्रभर ओली राहिलेली साखळी सकाळी तांबूस झालेली असते.