उन्हाळ्यातील तोरणमाळ आणि मुक्या सोबत्याची पावले

रनाळ्याहून नंदुरबार, तेथून प्रकाशा येथे तापी ओलांडून शहादा आणि पुढे घाटमार्गाने तोरणमाळ, असा हा एका दिवसाचा प्रवास. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या तापीकाठी पारा ४२-४३ अंशांवर गेला की, दुकानाला एक दिवस सुटी देऊन सातपुड्याच्या या पठाराकडे वळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पठाराची उंची सुमारे १,१५० मीटर. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरते, हा निसर्गाचा हिशेब येथे अंगाला जाणवतो. यशवंत तलावाच्या काठी पहाटेचा वारा तर सुखद गारवा देतो.

मात्र हा गारवा हवेचा असतो, वाटेचा नव्हे. सातपुडा काळ्या बेसॉल्टचा आहे. सकाळी नऊनंतर हा खडक तापू लागतो आणि दुपारी त्यावर हात ठेववत नाही. जंगल आहे म्हणजे सावली असेल, असाही समज असतो. परंतु साग आणि सालई या दिवसांत निष्पर्ण असतात. सागाची मोठी वाळकी पाने वाटेवर पसरून खालचे सुटे दगड झाकून टाकतात आणि उतारावर पाय घसरतो. पावसाळ्यात सीताखाईत कोसळणारा धबधबा आटलेला असतो व ओढ्यांत केवळ गोटे उरतात.

गतवर्षी एप्रिलमध्ये पुतण्या आणि त्याचा मोती नावाचा गावठी कुत्रा यांच्यासह मी तेथे गेलो होतो. पहाटे साडेपाचला तलावापासून चालण्यास आरंभ केला. मोहाखाली फुले वेचणारी मंडळी दिसताच पुतण्याने मोतीला साखळी लावली. साडेआठच्या सुमारास पठाराच्या कडेवर पोहोचलो. तेथून एक पायवाट दरीतील पाड्याकडे उतरते. पुतण्याला खाली जाण्याचा फार उत्साह. शेळ्या घेऊन आलेले एक वृद्ध पावरा गृहस्थ म्हणाले, "उतराल तुम्ही गारव्यात, पण चढावं लागंल उन्हात. तुमच्या पायात बूट आहे, दादा. त्याच्या पायात काय?"

डोंगर चढताना परतीची वाट उताराची असते. पठारावरून दरीत उतरताना हिशेब उलटा होतो. सर्वांत कठीण चढ नेमका भर दुपारी वाट्याला येतो. मोती आंब्याच्या सावलीत पाय चाटत बसला होता. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत कुसळे रुतली होती. पुतण्याने ती एकेक करून काढली, त्याला पाणी पाजले आणि आम्ही तेथूनच मागे फिरलो.

कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून तो शरीराची उष्णता बाहेर टाकतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांच्या घरात गेले तर जिवावर बेतते. धाप न थांबणे, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही लक्षणे दिसताच त्याला सावलीत न्यावे, पोटावर व पायांवर साधे पाणी ओतावे, बर्फ लावू नये आणि विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू खडकावर सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. पाण्याची बाटली त्याच्यासाठी स्वतंत्र असावी. परतल्यावर कान व पंजे तपासावेत.

अनवाणी चालणाऱ्याला उन्हाळ्याची वाट कशी लागते, हे साधू-साध्वींच्या विहारात सोबत चाललेल्या आपल्या घरांना सांगावयास नको. म्हणूनच विहार पहाटे होतो. मुका सोबती तर थांबा असेही म्हणू शकत नाही. आपल्या ओढीने तो चालतच राहतो. त्याला सोबत न्यावयाचे असल्यास चाल त्याची ठेवावी, नऊच्या आत पठारावरील फेरी आटोपावी आणि दरीचे दर्शन कडेवरूनच घ्यावे. सीताखाई पावसाळ्यातही तेथेच असणार आहे.