घाटावरची बाई

पोस्ट मोठी आहे. बरेच दिवस लिहायची राहिली होती, आज लिहून टाकतो.

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास गाडगे महाराज पुलाजवळ चहा घेत उभा होतो. दोन पोरं आली, विशीतली. एकाच्या हातात ट्रायपॉड, दुसऱ्याकडे तो गोल दिवा. "सर, तुम्ही पत्रकार ना? एक बाईट द्या ना, रामकुंडावरच्या भुताबद्दल." म्हटलं, कुठलं रे भूत? "ती पांढऱ्या साडीतली बाई. गांधी तलावाच्या पायऱ्यांवर बसते, अमावस्येला. जुन्या पेपरात पण आलं होतं म्हणे."

हातातला चहा तसाच राहिला. कारण पेपरात ते मीच लिहिलं होतं.

त्यावर येतोच. आधी आपल्या पंचवटीबद्दल थोडं. बाहेरच्यांना वाटतं इथे भुताखेताच्या गोष्टींचा सुकाळ असेल. उभा महाराष्ट्र आपली माणसं अस्थींच्या रूपाने इथे आणतो. महात्मा गांधींच्या अस्थीसुद्धा इथे आल्या. रोज सकाळी दशक्रिया, पिंड, कावळ्याची वाट बघणारे नातेवाईक. पण घाटावर ज्यांचं पोट आहे, म्हणजे गुरुजी, न्हावी, फुलवाल्या मावश्या, पाण्यात उड्या मारून नाणी काढणारी पोरं, यांच्यापैकी कोणाला भुताची भीती वाटताना मी तरी पाहिलं नाही. मेलेल्यांना घाबरून इथे चूलच पेटणार नाही. इथल्या दंतकथाही भुतांच्या नाहीत, गुन्ह्यांच्या आहेत. कपालेश्वरासमोर नंदी का नाही, तर शंकराच्या मागे ब्रह्महत्येचं पाप लागलं होतं आणि ते कुठे धुतलं जाईल हे नंदीने सांगितलं, म्हणून तो गुरू. शूर्पणखेचं नाक इथलंच. आणि पंचवटीतली पहिली बेपत्ता व्यक्ती म्हणजे सीता. रागावू नका, पण त्या प्रकरणात निदान जटायू होता. मरता मरता त्याने साक्ष दिली, कोणी नेलं आणि कोणत्या दिशेला नेलं. पुढच्या बेपत्ता बायकांच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

पोरांना विचारलं, हे खूळ कुठून शिरलं डोक्यात? म्हणाले, "सर, मानवत मर्डर्स बघितली. तसं काहीतरी नाशिकचं करायचंय."

२०२४ मध्ये ती मालिका आली, आशुतोष गोवारीकर त्यात तपास अधिकारी होते. त्याआधी १९८१ मध्ये अमोल पालेकरांनी त्याच प्रकरणावर 'आक्रीत' केला होता. आम्ही पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना मानवत हा वेगळा तासच होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

मानवत परभणी जिल्ह्यात. आपल्या रामकुंडातलं पाणी पुढे त्याच जिल्ह्यातून वाहत जातं. १९७२ च्या दुष्काळाचं वर्ष होतं. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात तिथे दहा खून झाले. दहाएक वर्षांच्या पाच मुली, वर्षाचं एक मूल आणि तिशीतल्या चार बायका. प्रेतांवरच्या जखमांबद्दल इथे लिहीत नाही, निकालपत्रात आहे ते. गावातल्या बायकामुली घराबाहेर पडायला घाबरू लागल्या. शेवटी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले, ज्यांनी १९६८ मध्ये रामन राघव प्रकरणाचा तपास केला होता ते. तपासातून जी गोष्ट बाहेर आली ती अशी: एका वाड्यातलं पिंपळाचं झाड, त्यावरचा मुंजा, त्याखाली गुप्तधन, आणि ते मिळावं, मूलबाळ व्हावं म्हणून रक्त. गावातलं एक वजनदार घर, एक मांत्रिक, आणि हत्यार चालवायला गरीब घरातली माणसं.

हे सगळं सरकारी पक्षाचं म्हणणं. खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या. प्रकरण वर वर गेलं आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असा निकाल दिला. कायद्याची पोरं तो आजही वाचतात, माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचं आणि कबुलीजबाब कसा नोंदवायचा यासाठी. कबुलीजबाब पुरेशी काळजी घेऊन नोंदवलेले नव्हते. खालच्या काहींच्या शिक्षा राहिल्या. पण ज्या दोघांसाठी हे सगळं केलं गेलं असा आरोप होता, ते दोघं सुटले. त्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत, गुगलवर आहेत, मी इथे लिहिणार नाही. कोर्टाने सोडलं म्हणजे सोडलं.

मग हे खून कोणी करायला लावले? पन्नास वर्षं झाली, कायद्याच्या भाषेत या प्रश्नाला उत्तर नाही. आणि गंमत बघा (गंमत हा शब्द वाईट आहे, पण दुसरा सुचत नाही), आपल्याला लक्षात काय राहिलं? पिंपळ. मुंजा. मांत्रिक. त्या दहा जणींपैकी एकीचं नाव मला त्या तासाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मुंजाने कुऱ्हाड उचलली नव्हती. उचलायला माणसं होती, पाठवायला कोणीतरी होतं. पण झाड मध्ये आलं की सगळ्यांच्या नजरा वर फांदीकडे जातात.

डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच वर्षानुवर्षं सांगत फिरले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, आणि मग कुठे जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला, चार दिवसांत. १० मे २०२४ च्या निकालात गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले. पाठवलं कोणी, हे तिथेही बाकीच आहे.

आता माझं.

२००३ च्या सिंहस्थात मी बातमीदारीला लागलो. २७ ऑगस्टला सरदार चौकाकडे चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली, तेव्हा मी तिथून जेमतेम दोन गल्ल्या अलीकडे होतो. त्या दिवशी चपलांचे ढीग पाहिले आणि वाटलं, आता आपण पत्रकार झालो. वर्षभरात तो कैफ उतरला. २००४ चा ऑक्टोबर, विधानसभेची धामधूम, मोठ्या बातम्या मोठ्या लोकांकडे. मला पुरवणी संपादकांनी सांगितलं, सर्वपित्रीला काहीतरी गूढ द्या, घाटावरचं. वाचक आवडीने वाचतात.

मी चार रात्री घाटावर फिरलो. भूत कोणी दिले नाही. एका रखवालदाराने मात्र सांगितलं, "एक बाई बसलेली असती हो, दोन-तीनच्या सुमाराला. कोणाशी बोलत नाही. पाण्याकडं बघत बसती. हिरवी साडी हाय. सकाळी कुठं जाती काय माहीत." एवढंच. मी स्वतः तिला पाहिलं नाही. त्या रात्री दीड वाजताच मला झोप आली आणि मी घरी गेलो.

लेखात मी साडी पांढरी केली. हिरव्या साडीतलं भूत कोणी ऐकलंय का? 'कोणाशी बोलत नाही' याचं 'हाक मारली की दिसेनाशी होते' असं केलं. 'रोज' काढून 'अमावस्येला' टाकलं. रखवालदाराला 'एक वृद्ध प्रत्यक्षदर्शी' केलं, तो पस्तिशीचा होता. लेख छापून आला, चार जणांनी पाठ थोपटली. घरी आईने कात्रण काढून ठेवलं.

आठवड्याने ऑफिसात एक म्हातारे बाबा आले. धोतर, टोपी, पिशवी. शेजारच्या जिल्ह्यातले. पिशवीतून त्यांनी माझं कात्रण काढलं, घडी घातलेलं. खुर्ची दिली तरी बसेनात. म्हणाले, "साहेब, हे तुम्हीच लिवलं का? माझी लेक सासरहून गेलीय, वीस दिवस झाले. तिला रामाचं लई. नाशिकला गेली असंल असं तिची आई म्हणती. तुमच्या पेपरातली बाई पायरीवर बसती म्हणून लिवलंय. तुम्ही पाहिली का वो? कशी दिसती?"

मी म्हटलं, बाबा, ती भुताची गोष्ट आहे.

ते म्हणाले, "व्हय, पण बसलेली कोणतरी असंल ना?"

आणि मग विचारलं, "साडी पांढरीच व्हती का? आमची हिरव्यात गेलीय."

मी किती वेळ गप्प होतो ते सांगता येणार नाही. मग खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मग चला की." आम्ही दोघं रिक्षाने घाटावर आलो. रखवालदार भेटला. म्हणाला, "होती की. चार-सहा दिवसांपासून नाही दिसत. तुमचं पेपरात आलं ना, त्याच्यानंतर रात्री पोरं यायला लागली बघायला, ब्याटऱ्या मारीत. तवापासून न्हाई."

ती त्यांची लेक होती की नव्हती, मला माहीत नाही. हिरवी साडी कोण नेसत नाही? पण रात्री तीन वाजता एकटी पायरीवर बसलेली एक जिवंत बाई तिथे होती, आणि तिला जेवलीस का, कुठली तू, असं विचारण्याऐवजी मी तिचं भूत करून टाकलं. त्या बाबांबरोबर ठाण्यात गेलो, सिव्हिलला शवागाराकडेही गेलो. मिसिंगची नोंद त्यांच्या तालुक्यात होती. तिथल्या अंमलदाराने त्यांना सांगितलं होतं, बाई सज्ञान आहे, गेली असेल कोणाबरोबर, येईल. अठराच्या आतलं मूल हरवलं तर २०१३ पासून अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाचाच आदेश आहे. मोठ्या बाईची मात्र रजिस्टरमध्ये एक ओळ.

बाबा पुढची सहा-सात वर्षं पितृपक्षात फोन करायचे. "काय कळलं का?" एवढंच विचारायचे. आम्ही तिचं पान वाढायचं का नाही, हे घरात ठरत नव्हतं. जिवंत असेल तर अपशकुन, मेली असेल तर उपाशी. एका वर्षी फोन आला नाही. मी लावला तर नंबर बंद.

हे सगळं त्या पोरांना सांगितलं, उभ्या उभ्याच. ट्रायपॉडवाला म्हणाला, "सर, हे जास्त भारी आहे, हेच बोला ना कॅमेऱ्यावर." दुसरा काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "तो रखवालदार आहे का अजून?" नाही, तो गावी गेला, कोणत्या गावी ते माहीत नाही.

आता काम सांगतो, म्हणून ही पोस्ट. पुढे सिंहस्थ आहे, त्या गर्दीत जुन्या गोष्टी आणखी खाली जातील. २००४ च्या पितृपक्षात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते १४ ऑक्टोबर, रामकुंड, गांधी तलाव, सांडव्याच्या बाजूला ज्यांची दुकानं, टपऱ्या, वाती-फुलांच्या पाट्या होत्या, त्यांच्यापैकी कोणाला पंचविशी-तिशीची, हिरव्या साडीतली, न बोलणारी बाई आठवते का? तिला कोणी जेवू घातलं होतं का, कोणी धर्मशाळेत, आश्रमात नेलं होतं का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कमेंटमध्ये लिहू नका, मला इनबॉक्सला सांगा. आणि साडी हिरवी होती, पांढरी नाही.